आधी मोजा, मग बोला

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी

मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी टाळाटाळच केली. कारण सरळ आहे. माझे शिक्षण के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झाले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि आता होस्टेलवर दोन्हींची भेळ! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात, ही आधीच विनंती. पुढे विषय ठरला 'पर्यावरण', आणि मी आणखी घाबरले. कारण पर्यावरणावर निबंध लिहिण्याचा माझा अनुभव फारसा चांगला नाही. पाचवीत असताना अशाच एका निबंधाला मला पहिला नंबर मिळाला होता आणि त्याच निबंधामुळे एका माणसाला मेमो मिळाला होता. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

औसा आणि पाण्याची रेल्वे

माझे गाव औसा, जिल्हा लातूर. बाहेरच्यांना औसा तालुका म्हटला की १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. आम्हा औसेकरांना मात्र आधी आठवतो तो आमचा किल्ला. किल्ला म्हटले की डोंगर डोळ्यासमोर येतो. आमचा किल्ला उलटा आहे. तो खोलगट जागेत बांधलेला आहे, त्यामुळे लांबून त्याचा बराचसा भाग दिसतच नाही. भोवती साधारण १२० फूट रुंदीचा खंदक आहे. लहानपणी मला वाटायचे, हा खंदक फक्त शत्रूसाठी. आता स्थापत्य शिकताना कळते की खोलगट जागा म्हणजे चारी बाजूंचे पाणी आपोआप येऊन थांबण्याची जागा. पाणी कुठून येते आणि कुठे थांबते, याचा विचार जुन्या लोकांनी बांधण्याच्या आधी केलेला असणार. आम्ही तो बांधून झाल्यावर, आणि तोही बोअर आटल्यावर करतो.

२०१५ साली पाऊस दगा देऊन गेला. लातूर शहराला पाणी देणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. दंगलीसाठी लावायचे ते कलम पाण्यासाठी! मग ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोहोचली. तिचे नाव 'जलदूत'. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या.

२५ लाख लिटर हा आकडा ऐकायला केवढा मोठा वाटतो! पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार करून पाहा. माणशी साडेसहा लिटर येते. एक घागरसुद्धा नाही. देशभर ज्या गाडीची बातमी झाली, ती माणशी अर्धी घागर पाणी आणत होती. मोठ्या आकड्याला डोक्यांनी भागायचे, ही सवय मला तेव्हा नव्हती. ती एका सिस्टरने लावली. पण ते नंतर.

माझा पहिला नंबर

आमची शाळा औशाहून लातूरकडे जाताना रस्त्याला लागते. सिस्टरांची शाळा, पण वर्गात ख्रिश्चन मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी आम्ही सगळे सोयाबीनवाल्यांची, दुकानदारांची, गुरुजींची पोरे. त्या वर्षी २२ मार्चला जागतिक जलदिनानिमित्त निबंध स्पर्धा झाली. विषय: 'सेव्ह वॉटर'. मी मुद्दे काढले आणि शेवटी आपल्या शाळेचे उदाहरण द्यावे म्हणून लिहिले की आमच्या शाळेची टाकी रोज वाहते, कारण शिपाईमामा मोटर बंद करायला विसरतात, आणि अशा निष्काळजी लोकांना शिक्षा झाली पाहिजे.

पहिला नंबर आला. निबंध असेंब्लीमध्ये सर्वांसमोर वाचायला लावला. मी ठसक्यात वाचला. मामा तेव्हा घंटेजवळ उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण 'मामा' हा शब्द आणि सगळ्या शाळेच्या वळलेल्या माना त्यांना बरोबर कळल्या. दोन दिवसांनी त्यांना ऑफिसातून मेमो मिळाल्याचे ऐकले. मला तेव्हा वाईट वाटले नाही. उलट, आपल्या लेखणीत ताकद आहे असे वाटले. (हसू नका.)

आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांचे मराठी अफलातून होते, सगळे पुल्लिंगी. त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावून घेतले आणि विचारले, "तू लिहिला ते छान आहे. पण पाणी किती वाया गेला? तू मोजला का?"

मी म्हणाले, "नो, सिस्टर."

"फर्स्ट मेजर. देन राइट."

आणि शिक्षा म्हणा, बक्षीस म्हणा, त्यांनी मला एक जुनी वही दिली. एक महिना रोज मधल्या सुट्टीत मामांबरोबर राहायचे आणि टाकीत पाणी कधी चढते, कधी वाहते, ते लिहून काढायचे. ज्यांच्यावर मी निबंध लिहिला त्यांच्याच बरोबर!

वहीने काय सांगितले

पहिले तीन दिवस मामा माझ्याशी बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मला टाकीवर नेऊन दाखवले. टाकी तीन मजल्यांवर, मोटरचे बटण खाली गेटजवळच्या खोलीत. टाकीत किती पाणी आहे हे खालून कळायला काहीच मार्ग नाही. टाकी भरली हे कळायचे एकच चिन्ह, ते म्हणजे वरून पाणी सांडू लागणे! त्यात लाइट कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे ती आली की मोटर चालू करायची, आणि नेमकी त्याच वेळी घंटा, गेट, ऑफिसातल्या हाका. म्हणजे पाणी वाया गेल्याशिवाय मोटर बंद करायची वेळ झाली हे समजणारच नाही, अशी ती व्यवस्था होती. यात विसरण्याचा प्रश्न येतो कुठे?

आज मी याला इंग्रजीत 'फीडबॅक नसलेली सिस्टिम' म्हणेन. तेव्हा मला फक्त पोटात कसेतरी झाले.

आणखी एक गोष्ट वहीतून निघाली. शाळेच्या भिंतींवर गळक्या नळाची चित्रे होती. आम्ही मुले गळणाऱ्या नळाखाली बाटली लावण्यात मोठा पराक्रम मानायचो. सिस्टरनी प्रयोगशाळेतला मोजपात्राचा प्रयोग करायला लावला. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. आता टाकीकडे या. मोटर मिनिटाला ६० लिटर पाणी चढवते असे धरा आणि टाकी फक्त २० मिनिटे वाहिली असे धरा. १,२०० लिटर गेले! म्हणजे एक नळ जवळजवळ नऊ महिने गळला तर जेवढे पाणी जाईल, तेवढे टाकीने वीस मिनिटांत घालवले.

गळका नळ दुरुस्त करू नये असे मी म्हणत नाही. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे खरेच आहे. पण आपण थेंब पाहत बसतो आणि पाठीमागे तळे वाहून जात असते. पोस्टरवर काय छापायचे हे दिसायला काय छान दिसते त्यावर ठरते. काय दुरुस्त करायचे हे मोजल्यावर ठरते. हा माझ्या आयुष्यातला इंजिनिअरिंगचा पहिला धडा, आणि तो मला पाचवीत मिळाला.

महिना संपल्यावर सिस्टरनी ती वही प्रिन्सिपलसमोर ठेवली. नंतर टाकीला फ्लोट बसला, खाली मोटरजवळ टाकी भरल्याचा दिवा आला. या सगळ्याचा खर्च माझ्या निबंधाच्या बक्षीस समारंभापेक्षा फार नसावा. मेमोचे काय झाले ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही. ते माझे चुकले.

सिस्टरना हे कुठून सुचले?

पुढे मी सिस्टरना विचारले, तुम्हाला पाण्याचे एवढे वेड का? त्यांनी एका पुस्तिकेचे नाव सांगितले, 'लाउदातो सी'. ही पोप फ्रान्सिस यांची परिपत्रिका, म्हणजे कॅथलिक जगाला उद्देशून लिहिलेले पत्र. ती जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, आमच्याकडचा पाऊस दगा देत होता त्याच वर्षी. तिचा विषय आहे 'आपल्या सर्वांचे सामाईक घर', म्हणजे ही पृथ्वी. नाव असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या एका जुन्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले. ते धर्मगुरू होण्याआधी केमिकल टेक्निशियनचे शिक्षण घेतलेले होते, हे कळल्यावर आपल्या केमिकलच्या मित्रांची कॉलर नक्की ताठ होईल!

मी ती परिपत्रिका अकरावीत असताना वाचली. वाटले होते की सगळा उपदेश असेल. पण त्यात पाण्यावर स्वतंत्र भाग आहे. पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. आणि एका ठिकाणी रोजच्या साध्या गोष्टींची यादी आहे. पाणी कमी वापरा, कचरा वेगळा करा, खाऊन संपेल तेवढेच शिजवा, नको असलेले दिवे बंद करा, कागद आणि प्लास्टिक वाचवा, झाडे लावा. वाचताना हसू आले, कारण ही तर माझ्या आजीची यादी! आजीने पोपचे नाव ऐकलेले नाही, पण ताटात टाकलेले तिला आजही चालत नाही. पुढे २०२१ साली व्हॅटिकनने याच परिपत्रिकेच्या नावाने एक कृती-कार्यक्रम सुरू केला. त्यात कुटुंबे, शाळा, दवाखाने यांनी सात उद्दिष्टे समोर ठेवून सात वर्षांचा आराखडा करायचा असतो. पर्यावरण शिक्षण आणि साधी राहणी ही त्यातली दोन.

पण हे सगळे रोमहूनच आले असे समजू नये. आपल्या महाराष्ट्रात हे काम कितीतरी आधी झाले आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्य घालवले ते नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत. (अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला तो त्यांच्या प्रयत्नांतून, आणि १९९३ साली 'वॉटर' ही संस्था सुरू झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्या कामाचे नावाजलेले गाव. त्यांची पद्धत आपल्या अभ्यासक्रमातही आहे, माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर खणून पाणी अडवायचे, मग उतरत उतरत नाल्यापर्यंत यायचे. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरे. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. म्हणजे पैसा शेवटी, सवय आधी. फादर बाखर २०२१ मध्ये वारले.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन गेले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचे धाराशिव) झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बाबा मला तिथे घेऊन गेले होते. मी नववीत होते आणि खरे सांगायचे तर पुस्तकांपेक्षा भज्यांच्या स्टॉलमध्ये मला जास्त रस होता! नंतर कळले की वसईची हिरवाई वाचवण्यासाठी झालेल्या 'हरित वसई' चळवळीचे ते एक पुढारी होते. २०२४ मध्ये ते गेले. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून माझे मराठी कच्चे, असे मी आधी म्हटले. पण एक कॅथलिक फादर मराठी संमेलनाचा अध्यक्ष होतो, तेव्हा माझी ही सबब टिकत नाही हे मला मान्य आहे.

आता थोडे गणित

२०१६ च्या पावसाळ्यात धरण भरले. आमच्या शाळेनेही छतावरचे पाणी अडवायचे ठरवले. सातवीत सिस्टरनी आम्हाला त्याचे गणित घातले होते. तेच आकडे गोल करून इथे देते. प्रत्येकाने आपल्या घरासाठी करून पाहावे, दोन मिनिटांचे काम आहे.

नियम एवढाच: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते.

समजा छत १,२०० चौरस मीटर आहे. समजा वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर आहे. थोडे पाणी उडते, थोडे वाफ होते, पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्यावे लागते, म्हणून ०.८ ने गुणायचे.

१,२०० × ७५० × ०.८ = ७,२०,००० लिटर.

सात लाख वीस हजार! पहिल्या जलदूतने आणले त्यापेक्षा जास्त पाणी, आणि तेही एका शाळेच्या छतावर, कुठलीही वाघीण न धुता! सातवीतल्या आम्हा मुलांना वाटले, प्रश्न सुटला. सिस्टर म्हणाल्या, "वेट. नाऊ डिव्हाइड."

समजा शाळेत ९०० मुले आहेत. भारतीय मानक ११७२ प्रमाणे दिवसाच्या शाळेला दर मुलामागे रोज ४५ लिटर पाणी धरतात. ९०० × ४५ = ४०,५०० लिटर रोज. आता भागा. अठरा दिवससुद्धा पुरत नाही! दुष्काळात पाऊस निम्म्यावर आला, तर नऊ दिवस.

आमचे चेहरे पडले. मग त्यांनी उत्तराची दुसरी बाजू दाखवली. टाकी वाहणे थांबले, हात धुतलेले पाणी झाडांना गेले, फ्लशच्या टाक्या लहान झाल्या आणि गरज १५ लिटरवर आली असे धरा. ९०० × १५ = १३,५००. तेच सात लाख वीस हजार आता ५३ दिवस पुरते. छत तेच, पाऊस तोच, पाणी तिप्पट दिवस पुरले! म्हणजे पाणी साठवण्याची सर्वांत स्वस्त जागा टाकीत नाही, वापरात आहे. आधी गरज कमी करा, मग साठवा. क्रम उलटा केला तर मोठी टाकी बांधून ती वाहू देण्याचा मान तेवढा मिळेल.

राहिला प्रश्न, एवढे पाणी ठेवायचे कुठे? ७२० घनमीटरची टाकी म्हणजे २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. कोणत्या शाळेला परवडणार? म्हणून जमिनीत मुरवायचे. इथे आपल्या मराठवाड्याचा खडक आडवा येतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. सलग खडकात पाणी शिरतच नाही. वाळूच्या प्रदेशात जमीन स्पंजासारखी असते, आपल्याकडे ती तडा गेलेल्या माठासारखी आहे. म्हणून एका शेताच्या बोअरला धो धो पाणी आणि बांधापलीकडच्या बोअरमधून नुसता धुरळा. आमच्या घरच्या बोअरचे असेच झाले. पहिला आटला म्हणून बाबांनी दुसरा आणखी खोल घेतला, कर्ज काढून. धुरळा निघाला. आई त्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळी घागर घेऊन आत्याकडे गेली.

या खडकात शोषखड्डा घेताना खालचा मुरूम लागतो की नाही ते आधी पाहावे लागते. खालून मोठे दगड, मग गिट्टी, मग वाळू असे गाळणीचे थर द्यावे लागतात. आणि मुरवलेले पाणी आपल्याच बोअरला लागेल याची खात्री नसते. भेग जिकडे जाईल तिकडे पाणी जाते. आमच्यातल्या एका मुलाने हेच विचारले होते: "सिस्टर, आपण मुरवायचे आणि शेजारचा पिणार?"

सिस्टर म्हणाल्या, "सो व्हॉट? तो पण माणूस आहे. कॉमन होम." 'लाउदातो सी'चा याहून सोपा अर्थ मी नंतर कुठे वाचलेला नाही.

वही कुठे थांबली

इथे लेख संपवला असता तर छान शेवट झाला असता. पण मागच्या दिवाळीत मी शाळेत गेले होते, ते सांगायला हवे.

सिस्टरची बदली होऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या संस्थेत दर काही वर्षांनी बदली होतेच. मामा निवृत्त झालेत. टाकीचा फ्लोट अजून चालतो आहे, दिवा लागतो आहे. शोषखड्डा मात्र गाळाने भरला होता. वरची वाळू दर वर्षी पावसाआधी धुवायची असते, ती कोणी धुतलीच नव्हती. छताचे पाणी सरळ रस्त्यावर जात होते. आणि पाण्याची वही मार्च २०२० वर थांबली होती. लॉकडाऊन लागला, शाळा बंद झाली, पुन्हा उघडली तेव्हा वहीची आठवण कुणालाच राहिली नाही. मला धरून! मी तेव्हा त्याच शाळेत होते ना. वृक्षारोपणाचे फोटो मात्र दर वर्षीचे फळ्यावर लावलेले होते, आणि खड्डेही बहुतेक त्याच जागी.

त्या दिवशी मला 'सस्टेनेबिलिटी' या शब्दाचा अर्थ कळला. आपण त्याचे भाषांतर 'शाश्वतता' असे जड करतो. माझा अर्थ साधा आहे: सुरू करणारा माणूस निघून गेल्यावरही जे चालू राहते ते. फ्लोट टिकला, कारण तो आपोआप चालतो. खड्डा आणि वही टिकली नाही, कारण त्यांना रोज किंवा दर वर्षी कुणीतरी लागते, आणि ते 'कुणीतरी' ठरवून ठेवलेले नव्हते. जिल्ह्याच्या एक टक्काही जमिनीवर जंगल नसलेल्या आमच्या लातूरात झाडांचेही हेच आहे. लावायला शंभर हात येतात, मे महिन्यात पाणी घालायला एक मामा असतात.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या घरी गेले. नऊ वर्षे उशिरा माफी मागितली. त्यांना निबंध आठवत होता. चहा पुढे करत म्हणाले, "लेकरू व्हतीस माय तू तवा. पर पाणी सांडत व्हतं, ते बी खरंच की." एवढेच. मग माझ्या धाकट्या भावाला, जो आता त्याच शाळेत नववीत आहे, त्यांनी सांगितले की खड्ड्यातली वाळू कशी काढायची आणि कोणत्या बाजूने धुवायची. प्रिन्सिपल सिस्टरची परवानगी काढून मे महिन्यात भाऊ, त्याचे चार मित्र आणि मी ती वाळू धुतली. मामा खुर्ची टाकून सूचना देत होते. वही पुन्हा सुरू झाली आहे. भाऊ लिहितो. दहावीला गेल्यावर त्याने ती आठवीतल्या कुणाच्या हाती द्यायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवले आहे.

आणि आपले होस्टेल

मित्रमैत्रिणींनो, आता आपल्याकडे येते. आपल्या लेडीज होस्टेलच्या मागच्या भिंतीवर टाकीपासून खालपर्यंत शेवाळाचा एक हिरवा पट्टा आहे. उन्हाळ्यातही तो हिरवागार असतो. स्थापत्यच्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. त्याच मानकात होस्टेलसाठी माणशी रोज १३५ लिटर धरले आहेत. आपण दोनशे जणी धरल्या तर दिवसाला २७,००० लिटर. प्रत्यक्षात आपण किती वापरतो? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. कारण कुणी मोजलेलेच नाही!

म्हणून मी इथे कुणाच्या नावाने निबंध लिहिणार नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे. तीन साध्या गोष्टी सुचवते. पहिली, होस्टेलच्या मुख्य पाइपला एक मीटर आणि टाकीला एक फ्लोट. दुसरी, एक वही. रोज सकाळी मीटरचा आकडा, आणि जमल्यास मेसमध्ये उरलेल्या अन्नाच्या बादल्या किती, तेही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दर जूनमध्ये तृतीय वर्षाने ती वही द्वितीय वर्षाकडे सही करून सोपवायची. म्हणजे आपण पास होऊन गेलो तरी वही नापास होणार नाही.

मीटरसाठी आम्ही रेक्टर मॅडमकडे अर्ज दिला आहे. तो येईपर्यंत टाकी कधी भरते आणि कधी वाहते, त्याच्या वेळा आम्ही तिघी लिहितो आहोत. पंप चालवणाऱ्या काकांना आधी विचारले, त्यांच्याबरोबर वर जाऊन टाकी पाहिली, मग वही उघडली. क्रम या वेळी बरोबर आहे.

वही दुसऱ्या मजल्यावर, खोली नंबरांच्या पाटीखाली दोरीने बांधलेली आहे. ज्यांना सकाळी लवकर जाग येते त्यांनी नाव द्यावे. पेन आपापले आणावे, कारण पहिली दोन पेने गेली आहेत!